निनावं

"बे... बे... सन." नैनाच्या बाबांनी कसाबसा शब्द पुरा केला. वैतागून ते पुस्तक ओट्यावर आपटणारच होते; पण ती जुनी, पिवळी पानं बघून त्यांनी ते अलगद टेकवलं.

"पुढे?" कढईत तूप घालत नैनानं विचारलं.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची जीभ अडखळत होती. थेरपिस्टनं वाचायला दिलेले कागद ते तोंड फिरवून दूर सारत. मग इथं अमेरिकेत, फ्रीमाँटच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये नैनाला हे आजीच्याही आधीच्या काळातल्या कुणा बाईंनी लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक मिळालं. तिला मराठी बोलता यायचं, वाचता अजिबात येत नव्हतं.

"बाबा, आय कान्ट रीड धिस. तू थांबलास तर सगळं करपणार."

बाबांनी पुन्हा पुस्तक उचललं. "बेसन आणि... क... कणीक खमंग भाजावी. घाईच्या माण... माणसानें या वाटेस जाऊं नये." त्यांना हसू आलं. "बाई... खमकी!"

पुस्तकातली बाई हुकूम सोडत होती, बाबा ते पोचवत होते आणि नैना पळत होती. गूळ पडला, नारळाचं दूध पडलं, ढवळता ढवळता तिचा हात भरून आला. मिश्रण थापून झालं.

"वर-खाली... निखारे ठेवावे."

"निखारे म्हणजे?"

बाबांनी क्षणभर विचार केला आणि ओव्हनकडे बोट दाखवलं.

आई ऑफिसमधून आली ती वासानंच स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "निनावं? कुणी केलं?"

"आम्ही... ति... तिघांनी," पुस्तकाकडे बोट दाखवत बाबा म्हणाले.

आईनं वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "अगदी सुरेख झालंय गं."

बाबांनी आपला घास सावकाश घोळवला.

"गूळ कमी पडलाय. बाईंनी सढळ हातानं घालायला सांगितलंय, तूच हात आखडलास. त्यांचं काही चुकलेलं नाही."

आईचा हात वाटीतच राहिला. तिनं नैनाकडे पाहिलं. नैनानं ओठ घट्ट मिटून मान हलवली: काही बोलू नकोस.

आपण एकदाही अडखळलो नाही, याकडे बाबांचं लक्षच नव्हतं. बोटाच्या टोकानं पान हळूच उलटून ते पुढचा पदार्थ वाचू लागले होते.