याकूतच्या पेशी

“म्हणजे माझं दूध खराब नव्हतं?” मब्रूकाने विचारलं.

“नव्हतं,” डॉक्टर दोरसाफ म्हणाली.

स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत दोघी पडद्यासमोर बसल्या होत्या. मब्रूका तातावीनजवळच्या गावातून शेअर टॅक्सीने आली होती, घरच्या ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन. तिची मुलगी याकूत तिसऱ्या वर्षी गेली. मुलीच्या दंडावरून घेतलेल्या कातडीच्या पेशी दोरसाफने पाच वर्षं इथे जगवल्या होत्या.

“पेशीच्या आवरणावर प्रथिनं असतात. ती आत येतात, तिथे त्यांची निवड होते. कामाची परत वर जातात, निकामी मोडीत निघतात. वर धाडायला ॲक्टिनचे बारीक धागे लागतात. याकूतमध्ये ते धागे नीट विणलेच जात नव्हते. त्यामुळे चांगली प्रथिनंही मोडीत निघाली.”

“हे आलं कुठून?”

“थोडं तुमच्याकडून, थोडं नवऱ्याकडून. तुम्ही चुलत भावंडं ना. एकाकडूनच आलं तर काही होत नाही. दोघांकडून आलं, तर मूल टिकत नाही.”



“सासू गावभर सांगत फिरली, हिचं दूध विषारी. नवऱ्याने, लाजहरने, त्यावरच सोडचिठ्ठी दिली. आता हे लिहून द्या, दाखवते म्हातारीला.”

दोरसाफने अभिमानाने संशोधनाचं नवं मासिक पुढे सरकवलं. “यावरचा आमचा लेख याच महिन्यात छापून आलाय. लाजहरने पुन्हा लग्न केलं का? बाहेरची मुलगी असेल तर सहसा भीती नाही.”

“बाहेरची कुठली? माझी धाकटी बहीण, हसना. पाचवा महिना चाललाय तिला.”

दोरसाफने टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. मग म्हणाली, “तिचं रक्त तपासायला हवं. याच आठवड्यात.”

“तपासलं म्हणजे बरं करता येतं?”

“नाही. कळतं फक्त.”

मब्रूकाने मासिक उघडलं. भाषा तिला येत नव्हती, आकडे येत होते. लेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशी तिचं बोट थांबलं.

“ही कसली तारीख?”

दोरसाफला काहीही सांगता आलं असतं. “आम्ही लेख पाठवला ती,” ती म्हणाली.

“दोन वर्षांपूर्वीची आहे.”

“हो. छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं ठरलं होतं.”

“कोणी ठरवलं?”

“मी.”

मब्रूकाने मासिक मिटलं. आवाज चढवला नाही.

“हसना या लग्नाला नको म्हणत होती. आठ दिवस रडली. मीच तिची समजूत काढली. म्हटलं, खोट माझ्यात आहे, तुझ्यात नाही. मागच्या उन्हाळ्यात.”