पेशंटची भूमिका

लकडगंजच्या एका हॉलमध्ये सीबीटी या मानसोपचाराचे थेरपिस्ट दोन दिवसांत तयार होत होते. शेवटच्या तासाला रोलप्ले झाला. अस्मिता थेरपिस्ट झाली, सावनेरचे निवृत्त मास्तर मार्तंडकाका पेशंट. तिनं छापील प्रश्न वाचले. “पोरगा गेल्यापासून जगावंसं वाटत नाही,” म्हणत काका रडले. “क्या बात! एकदम ओरिजिनल!” ट्रेनर ओरडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या आवाजात काका हळूच म्हणाले, “हे नाटक नाही वं पोरी. सावनेरात थेरपिस्ट भेटला नाही, म्हणून कोर्सच लावला. तूच मले बरं कर.” अस्मितानं कागद उलटला. मागून कोरा होता. समोर ट्रेनर सर्टिफिकेटांवर सह्या करत होता. तिची समुपदेशकाची नोकरी त्यावरच अडली होती. “काका, मले हे येत नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, आत्ताच जाऊ.” “अन् तुह्यं सर्टिफिकेट?” अस्मिता उठली. “तुमच्या चपला कोणत्या?”