आजीच्या खोलीतली ओल

राजूरच्या पावसात घरं ओलावतातच. पण दुष्काळी मिरजगावकडून वाल्मिकची आई कायमची राहायला आली आणि घरातली फक्त तिचीच खोली सडायला लागली. भिंतीवर काळी बुरशी चढली, गोधड्यांना कुबट वास सुटला, आणि आजीच्या कुशीत झोपणाऱ्या ईश्वरीचा खोकला काही केल्या थांबेना. गवंड्यानं वर चढून पाहिलं, स्लॅब कुठंच गळत नव्हता.

शेवटी वाल्मिकनं आईची खाट ओढली. खाली हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे, सगळे पाण्यानं काठोकाठ भरलेले आणि वर ओली फडकी.

सुकन्या सासूवर भडकलीच. "आत्याबाई, बाहेर धो धो पाऊस, नळाला रोज पाणी, आन् तुमी हे साठवून ठेवलंय? ह्या ओलीनंच पोरगी आजारी पडलीय आपली!"

ती कळशी ओतायला निघाली, तशा सासूबाई, लंकाबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या.



"वाल्मिक, घरात तांब्याभर पानी नव्हतं म्हनून तुझी अक्का हिरीत उतरली, ती वर आलीच न्हाई. ईश्वरी आता तेवढ्याच वयाची झालीया."