गुडघ्यावरची शाई

"शैले, सासऱ्यांच्या गुडघ्याला शाई लागलीय, दिसत नाही?" सुनेवर खेकसून मीच ओल्या फडक्याने यांचा पाय खसाखसा पुसला. ऑपरेशनला माणूस कसा लख्ख जायला हवा.

यांना आत नेलं, आणि सिस्टर शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणाली, "मावशी, हा बाण पुसू नका हं. कुठल्या पायाचं ऑपरेशन, ते डॉक्टर त्यावरूनच बघतात."

यांचा दुखरा पाय उजवा, पण आता दोन्ही सारखेच लख्ख. मी उठले, बसले, पुन्हा उठले. थिएटरच्या दाराशी जाऊन थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतला. चूक कबूल करायची, तीही सुनेसमोर?

तेवढ्यात आतली नर्सच बाहेर आली. "आजोबांच्या गुडघ्यावर खूण नाही. खूण नसेल तर आम्ही सुरी लावत नाही, सगळे थांबलेत. कुणी पुसली?"

सुनेसोबत मागून आलेल्या लेकाने लगेच बायकोकडे पाहिलं. घरात काही बिघडलं की तिच्याकडेच बघायचं, हे मीच त्याला शिकवलंय.

"तिच्याकडे काय बघतोस? मी पुसली," मी म्हटलं. "उजवा गुडघा आहे. आणि सिस्टर, या वेळी जरा ठसठशीत काढा."