रुईची पानं

मारुतीच्या देवळापासून निघालेली रांग थेट रसवंतीपर्यंत गेली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात रुईचा हार होता. शिवकन्याबाई त्या हारांकडं बघत मनातल्या मनात रांगेचा उद्धार करत होत्या. शेजारी जोहराबी बुटाचा खोका छातीशी धरून उभ्या होत्या. खोक्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, कालपासून उपाशी.

या अळ्यांना रुईशिवाय काही चालत नाही. मरतील, पण दुसऱ्या पानाला तोंड लावणार नाहीत. आणि अख्ख्या लातुरात रुईचं पान उरलं नव्हतं. कालव्याकाठची झुडपं, रुळाकडची, कब्रस्तानामागची, सगळी ओरबाडून नुसते दांडके उभे. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती ना! भूकंपानंतर गावंच्या गावं उठून आली तेव्हासुद्धा शहरात एवढी दाटी झाली नव्हती, तेवढी या क्लासवाल्यांनी पोरं गोळा करून ठेवली होती. वर्षभर नोट्स घोकल्या आणि शेवटच्या शनिवारी सगळ्यांना एकदम मारुती आठवला.

शिवकन्याबाईंनी उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. शेवटी शेवटी वर्गात बाकडीच उरली, पोरं क्लासला. नोकरी संपल्यावर त्या नि शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या जोहराबी मिळून अंगणात फुलपाखरं वाढवायला लागल्या. बाईंना हल्ली माणसांपेक्षा अळ्याच बऱ्या वाटत. अळी निदान खाते ते पचवते.

देवाच्या अंगावरून उतरलेले हार पुजारी गुरुपादप्पा आनंदानं देत होते, पण त्यांवर तेल आणि शेंदूर. ते खाऊन अळी जगत नाही. हारवाल्या मल्लम्माची टोपली रिकामी होती. ती म्हणाली, सगळा माल वीरभद्र सरांच्या क्लासनं आधीच सांगून ठेवला होता. वीरभद्र! चौकाचौकात ‘बायोलॉजीचा बादशहा’ म्हणून ज्याचे बोर्ड, तो बाईंचाच विद्यार्थी. झुरळ चिरायच्या प्रॅक्टिकलला हा बादशहा चक्कर येऊन पडला होता.

म्हणजे आता रांगेतल्याच कुणापुढं तरी हात पसरायचा. बाईंच्या अगदी जिवावर आलं. जोहराबी कळवळून म्हणाल्या की लाज सोडा बाई, इथं लेकरं मरून राहिलीत.

शेवटी बाई जोहराबींना घेऊन रांगेच्या शेपटाकडं गेल्या. तिथं क्लासचा टी-शर्ट घातलेली एक पोरगी उभी होती, बिलोलीकडची, तनुजा नावाची. बाईंनी तिच्याकडं हार मागितला. देवळात न जाता हार मागणारी ही कोण, अशा नजरेनं तिनं बघितलं आणि विचारलं, कोणाला वाहायचाय?

बाईंचं टाळकं सरकलं.

“माझ्या देवाला,” त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या आणि खोक्याचं झाकण उघडलं.

पोरगी किंचाळून पळेल, असं त्यांना वाटलं. पळाली असती तरी बाईंना बरंच वाटलं असतं. पण तनुजा वाकली. पट्टे बघितले, काळी शिंगं बघितली. मग तिनं चपला काढल्या, हार खोक्यात ठेवला आणि हात जोडले. अळ्या सरकत पानावर आल्या आणि कडेनं कुरतडायला लागल्या.

“बघ गं, खाऊन राहिले,” ती मागच्या मैत्रिणीला म्हणाली.

मैत्रिणीनंही चपला काढल्या.

आता मात्र बाईंना घाम फुटला. “अगं ए, अळ्या आहेत या. कीटक. तुला आहेत की बारावीला!”

“माहीत हाय मॅडम,” तनुजा शांतपणे म्हणाली. “तो चॅप्टर आम्ही ऑप्शनला टाकलाय. पण तिकडं लई नंबर हाय. इकडं लवकर ऐकतील.”

झालं. इकडं गर्दी कमी आहे, एवढं कळायचा अवकाश, रांगेचं शेपूट वळून जोहराबींपुढं आलं. कुणी डोळे मिटून सीट नंबर पुटपुटत होतं, कुणी नुसत्याच नंबरावर भागेल की नाव पण सांगायचं, ते विचारत होतं. ही उद्याची डॉक्टर मंडळी! ही आपली पोटं फाडणार! मूर्खांनो, चालते व्हा इथून, असं ओरडायला बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर खोक्यात गेली. सकाळी मान टाकून पडलेली सगळ्यांत बारकी अळी पानाच्या टोकाला लागली होती. बाईंनी तोंड मिटलं.

मग आपली पोरं कुठं वळली ते बघत खुद्द वीरभद्र सर आले. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येईल असा जाडजूड ताजा हार त्यांच्या हातात होता. बाईंना वाटलं, संपलं. हा कितीही दिवटा निघाला तरी अळी म्हणजे काय ते याला आपणच शिकवलंय. हा आता हसणार आणि पोरांना हाकलणार.

वीरभद्र सर हसले नाहीत. त्यांनी खोक्यात बघितलं, पोरांकडं बघितलं, आणि बाईंच्या जवळ येऊन आवाज खाली केला.

“मॅडम, तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला न्हाईत, म्हणून विचारतो. यंदाच्या रिझल्टवर माझा सगळा क्लास हाय. पावतात का?”

बाईंनी आधी त्याच्याकडं बघितलं. मग हाराकडं.

“पावतात,” त्या म्हणाल्या. “पण यांना नुसतं शनिवारी चालत नाही. रोज लागतं.”