आईला दिलेलं उत्तर

प्रेमलता नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागाची नर्स होती. नऊ वर्षं दारात येऊन ती नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आली होती. आज आत तिचेच वडील, देवाजी, बेशुद्ध पडले होते आणि त्यांचं बीपी सारखं उतरत होतं. ती बाहेर येताच बाकावर बसलेल्या आईनं तिचा हात धरला.

"प्रेमा, तुहे बाबा वाचतीन ना वं?"

प्रेमलता हात सोडवून घेत शांतपणे म्हणाली, "आमचे प्रयत्न सुरू आहेत. तुम्ही धीर धरा."

आईला आपण 'तुम्ही' म्हणालो, हे कानावर पडल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोवर आई उठून उभी राहिली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लेकीपुढे हात जोडले आणि म्हणाली,



"बरं, सिस्टर."