ठिपकेवाल्या माशाचं माहेर

सू-लिएनने तो मासा घेतला तो निव्वळ आवडला म्हणून. पांढराशुभ्र, डाव्या डोळ्याभोवती काळा ठिपका, आणि शेपटीला नवरीच्या झग्यासारखा घोळ. घरातल्याच लाँड्रीत गिऱ्हाईक नव्हतं, इस्त्री तापत होती. तेवढ्यात मोबाइलवरच्या खेळातल्या मत्स्यबाजारात तो दिसला आणि तिने बोट टेकवलं.

पिंगतुंग शहरातल्या तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हा खेळ खेळत. टाकीत मासे वाढवायचे, जोड्या लावायच्या, पिल्लं विकायची, आलेल्या पैशांतून पाण्यातली झाडं घ्यायची. चिन-फाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हा नाद तिनेच लावला होता. आता तो तिच्याहून मुरलेला झाला होता. त्याच्या टाकीचं नाव ‘कोळंबीसम्राट’, कारण दर शनिवारी तो पैसे भरून कोळंबी पकडायच्या तळ्यावर जाई. आजही तिकडेच गेला होता.

नवा मासा आला की सू-लिएन आधी त्याची वंशावळ बघे. मासा कितीही हातांतून गेला तरी त्याचं सगळं खानदान त्याच्यासोबत जातं. तिने बापाच्या चौकटीवर बोट ठेवलं, तशी तो ज्या टाकीतला होता तिचं नाव उमटलं. ‘कोळंबीसम्राट’. तिला हसूच आलं. घरचाच मासा बाजारातून विकत आणला होता. मग तिने आईच्या चौकटीवर बोट ठेवलं.

‘अर्धा पेरू’.

अर्धा पेरू म्हणजे पेइ-रोंग, तिची मुलगी. लहानपणी प्रत्येक पेरू अर्धा खाऊन बशीत ठेवून द्यायची, म्हणून सू-लिएननेच हे नाव पाडलं होतं. घराबाहेर ते कुणाला ठाऊकही नव्हतं.

पेइ-रोंग नवऱ्याला सोडून काओशुंग शहरात एकटी राहू लागली, त्या वर्षी वर्षअखेरच्या जेवणाला सू-लिएनने तिच्यासाठी वाडगा मांडला होता. चिन-फाने तो स्वतःच्या हाताने उचलून फडताळात ठेवला. घटस्फोट घेतलेली मुलगी त्या रात्री माहेरी जेवली की घराची बरकत जाते, म्हणाला. तिला आणायला म्हणून स्टेशनवर गेला आणि तिथूनच तिला परत पाठवून एकटाच आला. आजपासून या घरात तिचं नाव नको, असंही म्हणाला. सू-लिएनने तोंड मिटलं ते मिटलंच. मुलीचा फोन आला नाही, आणि हिची करायची छाती झाली नाही.

पण दोन टाक्यांतल्या माशांची जोडी लांबून लागत नाही. दोघांचे मोबाइल पाठीला पाठ लावून ठेवावे लागतात, आणि चहा पिऊन होईपर्यंत हलवायचे नाहीत. शेजारच्या छ्यूबाईंबरोबर देवळाच्या पायरीवर ती असंच करायची. म्हणजे समोरासमोर बसावंच लागतं.

तिने आजीच्या चौकटीवर बोट ठेवलं. अर्धा पेरू. पणजीच्या. पुन्हा अर्धा पेरू. ती वर वर चढत गेली. सगळ्यात पहिली जोडी त्या वर्षअखेरच्या जेवणानंतरच्या पहिल्याच शनिवारी लागली होती. तेव्हा गल्लीतले लाल कंदीलसुद्धा उतरवले नव्हते.

चिन-फा शीळ घालत आत आला.

“मिळाली का काही?”

“चार मिळाली. तिथंच मीठ लावून भाजली अन् खाल्ली.”

“म्हाताऱ्या, हात तर साबणाने धुतल्यासारखे आहेत तुझे.” तिने मोबाइल त्याच्यासमोर सरकवला.

त्याने चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला, आणि न धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसला.

“टाकी भरली होती,” तो म्हणाला. “जास्तीचे मासे बाजारात टाकले. खानदान सोबत जातं हे डोक्यातच आलं नाही.”

नवरा दुसऱ्या बाईकडे जातो असं कळलं असतं तर सू-लिएनने आकांडतांडव केलं असतं, गल्ली गोळा केली असती. पण नवरा आपल्याच मुलीकडे चोरून जातो, यावर काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

“बारीक झालीय?” तिने शेवटी विचारलं.

“नाही. केस कापलेत, इथपर्यंत.” त्याने मानेला हात लावला. “पेरू आता अख्खा खाते.”

“माझं काही विचारत नाही?”

“दर वेळी विचारते.”

“मग तू काय सांगतोस?”

चिन-फा गाठोड्यातल्या एका बाहीचं बटण पिळत बसला.

“सांग ना.”

“तुझा राग अजून उतरला नाही, असं सांगतो.”

“माझा?”

“दार मी लावलं, आणि चार दिवसांत मीच तिच्या दारात. कुठल्या तोंडाने सांगणार? ‘स्टेशनवरून तुला परत पाठव असं तुझ्या आईनेच सांगितलं होतं,’ असं तिच्यापाशी निघून गेलं तोंडातून. मग ते फिरवता येईना.”

इतकी वर्षं ज्याच्याशेजारी निजली, तो माणूस सू-लिएनला ओळखीचा वाटेना. दर शनिवारी हा तिकडून यायचा, तिच्या हातचा भात खायचा, आणि भात चांगला झालाय म्हणायचा.

ती उठली. इस्त्रीचं बटण बंद केलं. फडताळातून वाडगा काढला, धुतला, कोरडा पुसला आणि टेबलावर त्याच जागी ठेवला.

“आज काही वर्षअखेर नाही,” ती म्हणाली. “तुझी बरकत कुठे जात नाही. पुढच्या गाडीने जा आणि तिला जेवायला घेऊन ये.”

चिन-फा उठला. चपला पायातच होत्या, तरी इकडेतिकडे शोधत राहिला. दारात थांबून, मागे न बघता त्याने विचारलं, “तिला काय सांगू?”

“वाडगा कुणी उचलला होता, ते.”